काळ्या यादीतला फोन

पंढरपुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत काउंटरवर दोन प्रकारची माणसं जास्त येतात. दर्शनबारीत नाहीतर चंद्रभागेच्या वाळवंटात फोन गेलेली, आणि कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेल्या फोनची रेंज एकाएकी गेलेली. पहिल्यानं तक्रार नोंदवली की दुसऱ्याच्या हातातला फोन बंद पडतो. दोन्हीकडची माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत आणि बहुतेक वेळा दोघांनाही पुढं काय करायचं ते कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय.

१. फोन खरंच ब्लॉक आहे का, ते आधी बघा

‘टॉवर येत नाही’ एवढ्यावरून फोन काळ्या यादीत गेला असं धरू नका. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथं चाललं तर सिम ठीक आहे. मग दुसऱ्या कंपनीचं चालू सिम या फोनमध्ये घालून बघा. कुठल्याच कंपनीचं सिम रेंज पकडत नसेल, वायफायवर मात्र सगळं सुरळीत चालत असेल, तर संशयाला जागा आहे. काही अँड्रॉइड फोन पडद्यावर ‘फोन नॉट अलाउड’ असं सरळ दाखवतात. फोन पाण्यात पडला किंवा बोर्डवरचा नेटवर्कचा भाग गेला तरीही रेंज जाते, म्हणून बोर्ड उघडायच्या आधी खात्री करायची. ती फुकट होते. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहायचं, एक जागा सोडून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर टाकायचा आणि १४४२२ वर पाठवायचा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आणि ॲपवरही हीच सोय आहे. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’ आलं की दुरुस्तीवर एक रुपयाही घालवू नका. अशा फोनचा बोर्ड गरम करून, नेटवर्कचा पार्ट बदलून लोकांकडून पैसे घेतलेले मी पाहिलेत. बोर्ड धडधाकट असतो, अडवणूक कंपनीच्या यंत्रणेत असते आणि ती गरम हवेनं निघत नाही.

लोक आणखी तीन-चार गोष्टींना ‘ब्लॉक’च म्हणतात. रीसेट केल्यावर जुना गुगल किंवा ॲपलचा पासवर्ड मागणारा फोन वेगळा. हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यांच्या ॲपनं पडदा अडवलेला फोन वेगळा. परदेशातून आलेला, एकाच कंपनीच्या सिमवर चालणारा फोनही वेगळा. तो त्या कंपनीकडून लॉक असतो आणि पैसे फिटले असतील तर तीच कंपनी तो उघडून देते. मात्र अमेरिकेत फोनचे हप्ते बुडवले तरी तिथल्या कंपन्या तो काळ्या यादीत टाकतात. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यानं तिथं कुणाकडून तरी घेतलेला जुना आयफोन पाठवला असेल, तर त्याची तिथली नोंदही त्यालाच तपासायला सांगा.

२. पंधरा आकडे कागदावर लिहून ठेवा

स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, नंबर पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. दोन्ही लिहा. घरातल्या रेशन कार्डाच्या पिशवीत, कॅलेंडरच्या मागं, कुठंही लिहा, फक्त त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोन गेला की तो फोटोही जातो.

या नंबरातले पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका फोनचे आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. याचा एक मोठा उपयोग आहे. १४४२२ वर मेसेज टाकला की उत्तरात कंपनीचं आणि मॉडेलचं नाव येतं. हातात एका कंपनीचा महागडा फोन आणि उत्तरात भलत्याच कंपनीचं साधं मॉडेल, असं दिसलं तर कुणीतरी नंबर बदललेला आहे. तो फोन खाली ठेवा आणि निघा.

३. फोन गेला की आधी सिम, मग पैसे, मग पोलीस, मग ब्लॉक

माणूस घाबरला की उलट क्रमानं पळतो. आधी जुनं सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा, तिथं उशीर परवडत नाही. त्याच नंबरचं दुसरं सिम काढा. मग पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करा आणि शिक्क्याची प्रत घ्या. वारीतल्या माणसानं नोंद जिथं फोन गेला तिथंच करून मग गाडी धरावी. गावी पोहोचल्यावर ‘तिकडचं तिकडं करा’ हे वाक्य ऐकावं लागतं, आणि नांदेडहून परत पंढरपूरला कोण येणार?

त्यानंतर संचार साथीवर फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरायचा. मोबाइल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, बिल, फोन कुठं आणि कधी गेला, पोलीस ठाणं, तक्रारीचा क्रमांक आणि प्रत, मालकाचं ओळखपत्र. शेवटी ओटीपी येतो. इथं पुष्कळजण अडकतात, कारण नव्यानं काढलेल्या सिमवर मेसेज लगेच सुरू होत नाहीत, त्याला चोवीस तासांपर्यंत थांबावं लागतं. सिम खराब दिलं म्हणून दुकानदाराशी भांडत बसू नका.

एका माउलींनी दोन सिमच्या फोनचा एकच नंबर अर्जात भरला होता. फोनची एक बाजू बंद झाली, दुसऱ्या खाच्यात सिम घालून कुणीतरी तो वापरत राहिलं. दुसरा रकाना रिकामा सोडू नका.

ही यंत्रणा, केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही, लोक तिला सीईआयआर म्हणतात, आपल्या महाराष्ट्रात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. पुढं दिल्ली आणि काही राज्यं आली आणि मे २०२३ पासून ती देशभर लागू झाली. आधी ‘राज्याबाहेर गेला की गेला’ असं आम्हीच लोकांना सांगायचो. आता तसं राहिलेलं नाही. अर्ज मंजूर झाला की देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर तो फोन चालत नाही. शिवाय कुणी त्यात सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. ‘ब्लॉक केला तर पोलिसांना शोधता येणार नाही’ ही समजूत खूप पसरलेली आहे. ब्लॉक केल्यानं शोध थांबत नाही.

४. बिल हरवलं तरी नंबर सापडतो

फोन गेलेल्या बऱ्याच जणांकडे डबा नसतो. दिवाळीच्या आवराआवरीत फेकलेला असतो. तरी हात टेकू नका. ज्या दुकानातून घेतला तिथं जीएसटी बिलाची प्रत असते आणि तिच्यावर आयएमईआय छापलेला असतो. ऑनलाइन घेतला असेल तर खरेदीच्या ॲपमध्ये जुन्या ऑर्डरखाली बिल मिळतं. अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या फोनवर त्याच जीमेलनं गुगलच्या ‘फाइंड हब’मध्ये जा, फोनच्या नावाजवळच्या माहितीच्या खुणेवर दाबलं की आयएमईआय दिसतो. आयफोनचा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत असतो.

अडचण येते ती जीमेल आठवत नसलेल्यांची. गावाकडच्या मावशींच्या फोनमधलं खातं दुकानदारानं किंवा शेजारच्या पोरानं उघडून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड त्याच्याकडंही नसतो. घरातल्या तरुणांनी एका संध्याकाळी आई-वडिलांच्या फोनमधलं खातं कोणतं, पासवर्ड काय, आयएमईआय काय, हे वहीत उतरवून ठेवावं. आईला नवा फोन घेऊन देणं सोपं आहे, हे काम मागं राहतं.

५. बोर्ड बदलला असेल तर डब्यावरचा नंबर उपयोगाचा नाही

हे दुरुस्तीवाल्यांशिवाय कुणी सांगत नाही. फोनची ओळख बोर्डात असते. वॉरंटीत कंपनीच्या सेंटरनं बोर्ड बदलून दिला की आयएमईआयही बदलतो. डब्यावर आणि बिलावर जुनाच राहतो. वर्षभरानं फोन चोरीला जातो, माणूस प्रामाणिकपणे बिलावरचा नंबर अर्जात भरतो, आणि चोरीला गेलेला फोन खुशाल चालू राहतो. सेंटरमधून मिळालेल्या जॉबशीटवर नवा नंबर असतो. तो कागद बिलाला टाचणी लावून ठेवा. जुना फोन विकतानाही तोच कामाला येतो, नाहीतर घेणारा डबा आणि पडद्यावरचा नंबर ताडून बघतो आणि चांगल्या माणसावर चोरीचा संशय घेतो.

६. जुना फोन घेताना: आज स्वच्छ आहे, एवढंच कळतं

बाजारात फोन दाखवणारा बहुतेक वेळा वायफायवर नाहीतर दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ लावून दाखवतो. पडदा झकास, आवाज झकास. स्वतःचं सिम घालून, दोन्ही खाच्यांत घालून, एक कॉल लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मग १४४२२ ला मेसेज. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं की व्यवहार तिथंच थांबवा.

पण ही तपासणी तेवढ्या घटकेपुरतीच खरी असते. फोन गेलेला माणूस वारीतून गावी जातो, सिम काढतो, बिल शोधतो, अर्ज करतो, यात दिवस जातात. तेवढ्यात तो फोन दोन हात फिरून तुमच्याकडं आलेला असतो. तेव्हा मेसेजला स्वच्छ उत्तर येतं आणि पुढच्या आठवड्यात रेंज जाते. म्हणून विकणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, मूळ बिल आणि एका कागदावर त्याची सही असलेली पावती घ्यायचीच. पैसे यूपीआयनं द्या, रोख नको. ज्याला पावतीवर सही करायला जड जातं, त्याचा फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ‘चोरीचा आहे असं वाटायला कारण होतं’ एवढंही तिथं पुरतं. वीस हजारांचा फोन चार हजारांत मिळाला, हे कारण पुरेसं ठरू शकतं.

जुन्या फोनांचा धंदा करणाऱ्यांनी विक्रीआधी आयएमईआय सरकारी यादीशी ताडून बघावा, अशी तरतूद २०२५ साली टेलिकॉम सायबर सुरक्षा नियमांत आली. माझ्या व्यवसायातले काहीजण कटकट म्हणतात. मला ती हवीच होती. यादी न बघता जुना फोन विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या घरात पोलीस पाठवतो.

७. ‘आयएमईआय मारून द्या’ म्हणणाऱ्याला आणि मारून देणाऱ्याला, दोघांनाही लांब ठेवा

‘मारून द्या’, म्हणजे फोनचा नंबर बदलून द्या, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्याची मुळं २००९ सालात आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सरकारनं ओळख क्रमांक नसलेले फोन बंद करायचं ठरवलं आणि १ डिसेंबर २००९ पासून ते बंद झाले. तेव्हा गावोगाव ‘चायना फोन’ होते. मोठ्ठा स्पीकर, दोन सिम, काहींना टीव्हीची एरियल. कित्येकांत आयएमईआयच नव्हता, नाहीतर सगळे शून्य. लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून अशा फोनमध्ये अधिकृत केंद्रांवर खरा नंबर भरून द्यायची सोय काही काळ केली होती. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात काम शिकत होतो. रांगा आठवतात. तेव्हापासून ‘नंबर भरून मिळतो’ हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं. पण ती सोय नंबरच नसलेल्या फोनसाठी होती आणि सरकारच्या संमतीनं दिलेली होती. दुसऱ्याचा नंबर चोरून आपल्या फोनला लावणं हा तेव्हाही उपाय नव्हता.

आता दूरसंचार कायदा, २०२३ नुसार असा नंबर बदलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. केबल आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. पाचशे-हजार रुपयांसाठी ती सॉफ्टवेअर मारतात आणि पोलिसांच्या कागदात त्यांचं नाव येतं.

आणि जो नंबर त्या फोनला चिकटवला जातो, तो कुणाचा तरी असतो. २०२० साली मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे तेरा हजारांहून अधिक फोन आढळले होते. अशातल्या एका फोनवरून फसवणूक झाली आणि नंबर बंद झाला, तर खरा मालक शाळेतला शिक्षक असो की भाजीवाली बाई, फोन त्याचाही बंद. माझ्याकडं एक अंगणवाडीताई आल्या होत्या. फोन नवा, बिल त्यांच्या नावाचं, डबा जपलेला, आणि तपासणीत ‘डुप्लिकेट’. त्यांनी काहीही केलं नव्हतं. अशा वेळी बिल, डबा आणि पडद्यावरचा नंबर यांचा एकत्र फोटो, सोबत कंपनीच्या सेंटरचं फोन अस्सल असल्याचं पत्र, हे सगळं घेऊन दूरसंचार विभागाकडं आणि पोलिसांकडं लेखी अर्ज करावा लागतो. अंगणवाडीच्या पोषणाच्या नोंदी ताईंना त्याच फोनवर भरायच्या होत्या. कुठल्या तरी बाजारात कुणी पाचशे रुपयांसाठी केलेल्या कामाची झळ त्यांच्या नोकरीपर्यंत आली. हे बघितल्यावर ‘आयएमईआय मारून द्या’ म्हणणाऱ्याला मी दुकानात बसूही देत नाही.

८. पोलिसांचा फोन आला तर फोन फोडू नका, बंद करू नका, जा

एका हॉटेलात काम करणारा पोरगा दुकानात आला. सांगोला तालुक्यातला, वीस-बावीस वर्षांचा. आठवडी बाजारात ओळखीतल्या एकाकडून फोन घेतला होता. सिम आईच्या नावावर. परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून आईला फोन गेला, ‘तुमच्याकडं चोरीचा मोबाइल आहे, जमा करा.’ आई रात्रभर जेवली नाही. पोरगा म्हणाला, “दादा, रीसेट मारा, नाहीतर बोर्डच काढून टाका. नदीत टाकतो.”

मी त्याला बसवलं. फोन त्या क्षणी नष्ट केला असता तर तो खरेदीदार न राहता संशयित झाला असता. बिल नव्हतं, पण पैसे त्यानं यूपीआयनं दिले होते. तारीख, वेळ, विकणाऱ्याचं नाव, साडेपाच हजार रुपये, सगळं ॲपमध्ये होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढली. दोघांत झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, त्यात फोनचे फोटो, तेही छापलं. मग अर्ज लिहिला: फोन कुणाकडून, कधी, कुठं, किती रुपयांना घेतला, चोरीचा असल्याची कल्पना नव्हती, कॉल येताच जमा करतो आहे. त्याच्या गावातल्या एका शिक्षकांना सोबत घेऊन तो गेला. त्याचा जबाब घेतला, फोन जमा करून पोचपावती दिली. प्रकरण विकणाऱ्याकडं सरकलं. पोराचे साडेपाच हजार लगेच मिळाले नाहीत, ते विकणाऱ्याकडून वसूल करायची वेगळी खटपट त्याला करावी लागली. पण आई जेवली.

अशा वेळी पोचपावती घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. फोन पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून जातो. तो तुम्ही स्वतः आणून दिला, याचा तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

खोटे कॉलही येतात, ते ओळखायला शिका. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा’ असं सांगणारा भामटा असतो. ट्राय असे कॉल करत नाही. खरा पोलीस ठाण्याचं नाव सांगतो, तक्रारीचा क्रमांक सांगतो, फोन जमा करायला सांगतो. पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही. शंका आली तर आपल्या जवळच्या ठाण्यात जाऊन विचारा, तिथून दुसऱ्या ठाण्याला फोन लावून खात्री करून देतात. भामट्याचा नंबर संचार साथीवर ‘चक्षू’मध्ये नोंदवता येतो.

९. फोन परत मिळाला की तो आपोआप चालू होत नाही

पोलीस ठाण्यात मोबाइल परत देण्याचा कार्यक्रम होतो, हार-फुलं होतात, फोटो निघतात, आणि दोन दिवसांनी तीच माणसं माझ्याकडं येतात, “फोन मिळाला पण रेंज नाही.” बंद करायचा अर्ज तुम्ही केला होता, उघडायचाही तुम्हीच करायचा. संचार साथीवर फोन सापडल्याचा, म्हणजे अनब्लॉकचा वेगळा अर्ज आहे. त्यात पहिल्या अर्जाच्या वेळी मिळालेला रिक्वेस्ट आयडी, मोबाइल नंबर आणि अनब्लॉक करण्याचं कारण भरायचं, मग ओटीपी. म्हणून ब्लॉकचा अर्ज भरताना ओटीपीसाठी पुतण्याचा नाहीतर सेवा केंद्रवाल्याचा नंबर देऊ नका, घरात कायम राहणारा नंबर द्या. रिक्वेस्ट आयडी पोलीस तक्रारीच्या प्रतीवरच पेनानं लिहून ठेवा.

फोन उसाच्या ट्रॉलीत, नाहीतर पाहुण्यांच्या गाडीच्या सीटखाली सापडला, चोरी नव्हतीच, असंही होतं. तरी पोलिसांना सापडल्याचं कळवायला विसरायचं नाही, नाहीतर तुमच्याच सिमवरून तुमच्याच चोरीच्या फोनची माहिती त्यांच्याकडं जाते आणि विनाकारण धावपळ होते. अर्ज झाल्यावर लगेच रेंज येईल अशी अपेक्षा धरू नका, सगळ्या कंपन्यांकडं नोंद पोहोचायला थोडा वेळ लागतो. संचार साथीवर अर्जाची स्थिती बघा, उघडल्याचं दिसलं की फोन एकदा बंद करून चालू करा आणि दोन्ही सिमवरून एकेक कॉल लावून बघा.